उन्हातल्या बाटल्या

चेतनाला कुणी खुर्चीला बांधून ठेवलं असतं तर ती खुर्चीसकट उठली असती. अंधेरीला एमआयडीसीत एका कुरिअर कंपनीत ती तक्रारी ऐकायच्या टेबलावर होती. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन आणि दिवसभर लोकांचं एकच रडगाणं, माझं पार्सल कुठंय? ती गोड आवाजात सांगायची, "सर, भिवंडीत आहे, उद्या मिळेल." आणि टेबलाखाली तिचा पाय असा काही हलत असायचा की शेजारच्या प्रीतमची पाण्याची बाटली आडवी व्हायची.

"ए बाई, भूकंप थांबव ना जरा," प्रीतम म्हणायचा.

"दोन मिनिटं रे," असं म्हणून ती फोन घेऊन जिन्यात पळायची. जिन्यात जाऊन तेच ते.

"मामा, दिलं का?"

"दिलं गं."

"वेळेवर दिलं ना?"

"वेळेवर."

"नक्की? पाच मिनिटं पण इकडेतिकडे नको हं, मामा."

"नाही होत, पोरी. तू तुझं काम कर."

मामा म्हणजे तिचे सासरे, भाऊराव. महापालिकेच्या इस्पितळात त्यांनी सगळी नोकरी वॉर्डबॉय म्हणून काढली. तिथं वॉर्डबॉयला सगळेच मामा म्हणतात, मोठ्या डॉक्टरपासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत. रिटायर होऊन घरी बसले तरी ते नाव काही निघालं नाही. मुलगा धम्मपाल तेवढा बाबा म्हणायचा. घरात सून आली, तीही मामाच म्हणू लागली.

आणि दिलं का, म्हणजे मितूचं औषध. मितू, चेतनाची दोन वर्षांची लेक. जन्मली त्याच दिवशी तिला झटके सुरू झाले आणि कुठल्याच औषधाला ते ऐकेनात. इवलीशी पोर, हातापायाच्या नसा टोचून टोचून काळ्यानिळ्या. शेवटी डॉ. अपूर्वा राणे भेटल्या. त्यांनी कसल्या कसल्या तपासण्या करून निदान केलं आणि चेतनाला समोर बसवून सांगितलं.

"हे बघा, बी-सिक्स जीवनसत्त्व आपण सगळेच खातो. पण ते जसंच्या तसं शरीराच्या कामाचं नसतं. समजा गहू. घरात पोतंभर गहू आहे, पण दळल्याशिवाय पोळी होईल का? आपल्या प्रत्येकाच्या शरीरात ती चक्की असते. तुमच्या मुलीची जन्मापासूनच बंद आहे. म्हणून तिला साधं बी-सिक्स देऊन भागत नाही. तिला दळलेलं पीठच द्यायचं. त्याच जीवनसत्त्वाचं तयार रूप. आयुष्यभर, दिवसातून सहा वेळा."

ते तयार पीठ पोटात गेलं आणि मितूचे झटके थांबले. बाई, काय सांगायचं! मान धरली, बसायला लागली, "मामा" म्हणायला लागली. आईच्या आधी मामा. चेतनाला त्याचा थोडा राग आला होता, पण तो गोड राग. मितू चालायला लागली तेव्हा चेतना परत नोकरीवर रुजू झाली. पहाटेचा आणि रात्रीचा डोस ती स्वतः द्यायची, मधले सगळे मामांकडे. आणि त्यात मामांनी एकदाही चूक केली नव्हती.

तरीही गेला महिनाभर काहीतरी बिनसलं होतं. दुपारच्या झोपेतून उठली की मितू डोळे फिरवायची, डावा हात टपकन उडायचा. रविवारी मात्र छान असायची. चेतनाला वाटायचं, आई दिवसभर जवळ असते ना, म्हणून.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला डॉ. राणेंचाच फोन आला. डॉक्टर आपणहून फोन करतात म्हटल्यावर चेतनाने हेडफोन काढून टाकला. ती जिन्यात पळाली.

"रक्ताचा रिपोर्ट आलाय," डॉक्टर म्हणाल्या. "लिव्हरचे आकडे वाढलेत. मागच्या खेपेला थोडे वर होते म्हणून मी वाट पाहिली. आता बरेच वर आहेत. हात उडणं कमी झालं का?"

"नाही हो. उलट वाढलंय."

"तेच मला खटकतंय. औषध जास्त होतंय म्हणावं, तर झटके का यावेत? कमी पडतंय म्हणावं, तर लिव्हर का कुरकुरतंय? उद्या तिला घेऊन या. पण आकडे असेच चढले तर मला डोस उतरवावा लागेल."

"आणि उतरवला तर?"

उत्तर चेतनाला माहीत होतं. औषध चालू ठेवलं तर लिव्हर जाणार, बंद केलं तर पोर जाणार. जिन्याच्या कठड्याला धरून ती उभी राहिली.

"एक काम करा," डॉक्टर म्हणाल्या. "औषध घरी कसं दिलं जातं, ते आज डोळ्यांनी बघा. गोळी कोण कुटतं, कशात विरघळवतं, कधी पाजतं, सगळं."

चेतनाने प्रीतमला "साहेबांना सांग, घरी जातेय" एवढंच सांगितलं आणि रिक्षा पकडली. हायवेवर ही गर्दी! रिक्षा दोन हात पुढे जायची नि थांबायची. चेतना एकदा डाव्या बाजूने डोकं बाहेर काढायची, एकदा उजव्या.

"मॅडम, बसा ना नीट. गाडी हलते," रिक्षावाला वैतागला.

तिने धम्मपालला फोन लावला. तो फिल्मसिटीकडे एका सिरियलवर लाइटमन होता.

"धम्मा, गोळ्यांमध्येच काहीतरी लोचा आहे रे. नवीन पाकीट उघडलं ना आपण, तेव्हापासून सुरू झालंय."

"कंपनी तीच आहे ना?"

"कंपनी तीच. पण मेडिकलवाल्याने उन्हात ठेवलं असेल, जुनं दिलं असेल. आणि ती तेजल! तिच्याकडे ते लाल सिरप आहे बी-कॉम्प्लेक्सचं. तिने नक्की पाजलं असणार मितूला."

"अगं, बाबांना विचार ना आधी."

"मामांचं काय? त्यांनी एक डोस चुकवला नाही."

"ते पण खरंय," धम्मपाल म्हणाला. मागून कुणीतरी त्याच्या नावाने ओरडलं आणि फोन कटला.

वाकोल्याला त्यांची जुनी खोली पडली आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांना सातव्या मजल्यावर घर मिळालं. खाली तळमजल्यावर तेजलचं पार्लर. चेतना रिक्षातून उतरली ती थेट पार्लरच्या दारात. तेजल एका बाईच्या भुवया कोरत होती, दोऱ्याचं टोक दातात.

"तेजल, खरं सांग. मितूला तू सिरप दिलंस?"

तेजलने दोरा सोडला. "काय?"

"ते लाल सिरप. तूच म्हणाली होतीस ना, माझ्या पोराला भारी लागू पडलं, मितूला पण दे म्हणून."

"म्हणाले होते. तू नको म्हणालीस, विषय संपला. मी कशाला देऊ? डोकं फिरलंय का तुझं?"

"मग तिचं लिव्हर का बिघडलं?"

खुर्चीतली बाई एका भुवईनिशी दोघींकडे टकामका बघत राहिली. तेजलचा चेहरा लाल झाला. "चेतना, जा इथून," ती हळू म्हणाली. "गिऱ्हाईक बसलंय माझं. पोरीची काळजी आहे म्हणून ऐकून घेतलं, दुसरी कुणी असती तर दाखवलं असतं."

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली. चेतना मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होती, मेडिकलवाल्याला, कंपनीला, तेजलला, लिफ्टलाही.

दार उघडंच होतं. मितू जमिनीवर बसून पातेल्यावर झाकण आपटत होती. आईला बघून खिदळली. घरात ऊन नुसतं ओतलं होतं. जुन्या खोलीत भरदिवसा बल्ब लावावा लागायचा. म्हणून या खिडकीचं मामांना कोण कौतुक! आल्यागेल्याला हात धरून दाखवायचे, "बघा, कसा फळफळीत उजेड येतो."

त्याच खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात, छोट्या काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर मामांच्या अक्षरात वेळ. आत फिकट पिवळं पाणी.

"मामा," चेतना म्हणाली, "हे काय आहे?"

भाऊराव मोरीतून हात पुसत बाहेर आले. "आलीस? आज लवकर गं?" मग त्यांनी तिची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "ती व्हय? मितूची औषधं. सकाळीच करून ठेवतो सगळी. वॉर्डात आमच्या सिस्टर असंच करायच्या. ट्रेमध्ये खाटेप्रमाणे औषधं मांडून ठेवायची, म्हणजे ऐन वेळेला धावपळ नको. टाइम झाला की उचलली बाटली, पाजली. एक मिनिट उशीर नाही होत."

"आणि उन्हात?"

"उन्हाने जंतू मरतात ना. गाद्या, भांडी, सगळं उन्हात काढायचो आम्ही."

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं चेतनाला आता लख्ख आठवलं. गोळी पाण्यात विरघळली की लगेच पाजायची, ठेवायची नाही. उजेडात तर मुळीच नाही. ती स्वतः रोज तसंच करत होती. इतकं सवयीचं झालं होतं की सांगायची गोष्ट आहे हेच ती विसरली होती. रविवारी ती स्वतः ताजं करून द्यायची, म्हणून रविवारी मितू बरी असायची. आईच्या मायेचा त्यात काही संबंध नव्हता.

आणि मग तिचा जो भडका उडाला, तो सगळा म्हाताऱ्यावर.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी सांगितलं मामा, बाटल्या भरून ठेवायला?" तिने पहिली बाटली उचलली, झाकण काढलं आणि मोरीत ओतली. दुसरी ओतली. "हे खराब होतं उन्हात! महिनाभर तुम्ही तिला खराब झालेलं पाजताय! लिव्हर खलास होत आलंय पोरीचं. विष पाजलंत तुम्ही तिला, विष!"

मितूने झाकण आपटायचं थांबवलं आणि भोकाड पसरलं. भाऊराव जिथे होते तिथेच उभे राहिले. तोंड उघडं, हातात टॉवेल.

"मी?" ते म्हणाले. "मी पाजलं?"

"मग कोण?"

तेवढ्यात त्यांच्या खिशातल्या घड्याळाचा गजर वाजला. मितूच्या पुढच्या डोसची वेळ झाली होती. कट्ट्यावर आता एकच बाटली उरली होती. चेतनाने तीही मोरीत रिकामी केली.

"ताजं करा," ती म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर. बघू दे मला कसं करता ते."

भाऊरावांनी डब्यातून गोळी काढली. लहान खल पुढे ओढला. मितू किंचाळत होती, चेतना कमरेवर हात ठेवून डोक्यावर उभी होती. त्यांनी गोळी खलात टाकली, बत्ता उचलला आणि बत्ता खलाच्या काठावर आपटला. खडखड, खडखड. हात थांबेना. त्यांनी डाव्या हाताने उजवा धरला, तर दोन्ही हलायला लागले. गोळी फुटून अर्धी बाहेर उडाली. उरलेली पूड त्यांनी चमच्यात घ्यायला बघितली, तर चमचा असा लटपटला की सगळी पूड फरशीवर सांडली. ते गुडघ्यावर बसून ती बोटाने गोळा करायला लागले.

चेतनाचे कमरेवरचे हात खाली आले.

"कधीपासून, मामा?"

"झाले काही महिने." ते फरशीकडेच बघत होते. "सकाळी उठल्या उठल्या हात ऐकतो गं. तासभर ऐकतो. मग नाही ऐकत. दिवस चढला की जास्त. आणि घाई झाली की मग तर बघायलाच नको. एकदा पोर रडत होती, गोळी कुटता कुटता दोनदा सांडली, उशीर झाला. तेवढ्यात तुझा फोन आला. वेळेवर दिलं का म्हणून विचारलंस. मी खोटं बोललो, दिलं म्हणालो. त्या दिवशी इतका घाबरलो पोरी. तेव्हा ठरवलं, हात ऐकतो तेव्हाच सगळं करून ठेवायचं. म्हणजे वेळ चुकणार नाही."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस. आणि पोर माझ्याकडे ठेवली नसतीस."

चेतना त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. दिवसातून चार-चार वेळा जिन्यात पळून तिने एकच गोष्ट विचारली होती. वेळेवर दिलं का? वेळेवर ना? नक्की वेळेवर? ताजं दिलं का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिच्याच धास्तीने म्हाताऱ्याच्या मनात घर केलं होतं आणि तीच धास्ती बाटल्यांमध्ये भरून कट्ट्यावर उभी होती.

तिने नवी गोळी काढली. ती स्वतः कुटली. भाऊरावांनी मितूला मांडीवर घेतलं, ती त्यांच्या छातीला लागताच गप्प झाली. चेतनाने वाटीत पाणी घातलं, ढवळलं आणि लगेच पाजलं. मितूने तोंड वेडंवाकडं केलं आणि गिळलं.

मग तिने डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं, बाटल्या, ऊन, चिकटपट्ट्या, सगळं.

"अरे देवा," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "बहुतेक हेच असावं. पाण्यात गेलं की ते टिकत नाही, उजेडात तर झपाट्याने बिघडतं. ताकद कमी होते, म्हणून झटके. आणि जे बिघडतं ते लिव्हरला त्रास देत असावं, अशी शंका आहे. डोस आज उतरवत नाही मी. प्रत्येक वेळी ताजं द्या, उद्या मुलीला दाखवून जा, मग परत रक्त तपासू. आकडे उतरले तर सुटलो."

"आणि नाही उतरले तर?"

"आधी तपासू तर," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "सासऱ्यांना रागावलात का?"

चेतनाने भाऊरावांकडे पाहिलं. ते मितूला थोपटत होते. थोपटताना हात कापतो की थोपटतो ते कळत नव्हतं, आणि मितूला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"रागावले," ती म्हणाली.

"त्यांच्या हाताचंही दाखवून घ्या. तुम्ही उद्या याल तेव्हा त्यांनाही आणा, कुणाकडे दाखवायचं ते मी सांगते."

संध्याकाळी ती परत पार्लरच्या दारात उभी राहिली. गिऱ्हाईक नव्हतं. तेजल कैच्या पुसत होती, तिने मान वर केली नाही.

"आता काय? माझ्या क्रीममध्ये विष सापडलं?"

"तेजल, चुकलं माझं. तोंडात मार माझ्या."

"मारीन, पण नखांना आत्ताच पॉलिश लावलंय." तेजलने तरीही वर बघितलं नाही. "मितू कशीय?"

चेतनाने सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली. मग ज्यासाठी आली होती ते बोलली. दिवसा गोळी कुटायला कुणीतरी हवं होतं. पाजायला मामा होते, धरायला मामा होते, मितू दुसऱ्या कुणाला जुमानतच नव्हती. फक्त कुटून, विरघळवून द्यायचं आणि लगेच.

"अख्खा दिवस लोकांच्या भुवया कोरते मी," तेजल म्हणाली. "माझा हात हलला तर माणसाचं थोबाड बिघडेल. गोळीचं काय घेऊन बसलीस." मग एकदम चिडून म्हणाली, "आणि म्हाताऱ्याला, तुम्ही विष पाजलंत, असं म्हणालीस ना? सगळ्या मजल्यांनी ऐकलंय. त्यांना काय वाटलं असेल गं?"

चेतनाला ते माहीत होतं. पुढचे कित्येक दिवस भाऊराव धड जेवले नाहीत. धम्मपालने समजावलं, चेतनाने पाया पडून माफी मागितली. ते "असू दे गं" म्हणायचे आणि ताट सरकवायचे. खिडकीला त्यांनी जाड चादर बांधून टाकली. डोसची वेळ झाली की तेजल वर यायची, गोळी कुटायची आणि हे उजेड लागू नये म्हणून वाटीवर ताटली धरून उभे राहायचे. ताटली खडखडायची, तेजल काही बोलायची नाही. मितूचं हात उडणं कमी झालं, मग बंदच झालं. तरी भाऊराव कुणाला काही विचारत नव्हते. रात्रीबेरात्री उठून पोरीचा श्वास ऐकत बसायचे. रक्त पुन्हा तपासायला दिलं त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चेतनाचा पाय पुन्हा हलत होता. प्रीतमने न बोलता आपली बाटली खाली जमिनीवर ठेवली. फोन वाजला, ती जिन्यात पळाली, डॉक्टरांशी बोलली आणि तिथेच पायरीवर बसली. मग घरी फोन लावला.

"दिलं गं!" भाऊराव फोन उचलताच म्हणाले. "म्हणजे अजून वेळ नाही झाली, पण देतोय. ताजंच देणार, लगेच देणार. तेजल येतेच आहे."

"मामा, औषधाचं विचारायला नाही केला फोन."

"मग?"

"आकडे उतरले. पार खाली आलेत. डॉक्टर म्हणाल्या, लिव्हरला काही धोका नाही. डोस पण तोच ठेवायचाय."

पलीकडून पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज तेवढा आला.

"मामा? ऐकताय ना?"

"मग मी पाजलेलं... ते गेलं का गं तिच्या अंगातून?"

"गेलं, मामा. सगळं गेलं."

म्हातारा फोनवर मोकळेपणाने रडला. चेतना जिन्यात, एका हाताने तोंड दाबून. दोन माणसं जिन्यातून उतरून गेली, तिने बघितलंही नाही. मग तिला त्यांच्या खिशातला गजर ऐकू आला आणि सवयीने तिच्या ओठांवर आलं, मामा, वेळेवर. तिने ते गिळलं.

"ठेव आता," भाऊराव नाक ओढत म्हणाले. "बोलत काय बसलीस? औषधाची वेळ झालीय आमच्या." आणि त्यांनी फोन कट केला.